बोऱ्यात बांधलेला संसार

बदलीचा आदेश मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एका गावात मी अकरा वर्षं शिकवत होते, आता ब्रह्मपुरी तालुक्यात जायचं होतं. नागभीडमार्गे जेमतेम पंचावन्न किलोमीटर. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून कागदावर दीड महिना हातात होता. पण खरी मुदत मृगाची. एकदा पाऊस लागला की आमच्या गल्लीत बैलगाडीसुद्धा रुतते, तिथं सामानाची गाडी कुठून शिरणार?

घर हलवताना कचरा करायचा नाही, हे मी का ठरवलं ते आधी सांगते. मुलांकडून पर्यावरणाच्या घोषणा पाठ करून घेणारी मीच, पण त्या घोषणांशी याचा काही संबंध नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही या घरात आलो तेव्हा आधीच्या भाडेकरूने मागच्या आवारात दोन पोती ‘राहिलेलं’ ठेवलं होतं. थर्माकोल, फुटकी बादली, कूलरचा तुटका पंखा, ट्यूबलाइटच्या नळ्या, औषधाच्या बाटल्या. गावात घंटागाडी नाही. घरमालकांनी संध्याकाळी काडी लावली. त्या घरातला आमचा पहिला घास त्या धुरात गेला. जे जळलं नाही ते गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पडलं. मग दर उन्हाळ्यात बोडीचं पाणी उतरलं की थर्माकोलचे तेच पांढरे तुकडे आणि त्याच बादलीचं निळं बूड वर यायचं. अकरा उन्हाळे मी ते पाहिलं, शाळेच्या वाटेवरच होतं. शहरात टाकलेली वस्तू डोळ्याआड होते. गावात ती आपल्याला रोज भेटते.

म्हणून नियम एकच केला: मागे काही सोडायचं नाही. ऐकायला सोपा वाटतो. याच नियमाने पुढे माझी चांगलीच फजिती केली.

यजमानांनी नागपूरच्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांनी फोटो मागवले आणि हिशेब पाठवला: अडतीस पुठ्ठ्याची खोकी, फुगेवाल्या प्लास्टिकचे दोन मोठे गुंडाळे, फर्निचरवर चढवायची प्लास्टिकची फिल्म, चिकटपट्टीचे बारा रीळ. गाडी नागपूरहून रिकामी येणार, आमचं सामान ब्रह्मपुरीकडे टाकणार आणि पुन्हा रिकामी नागपूरला जाणार. पैशाचा आकडा पाहून यजमान गप्प झाले, म्हणून मला पर्यावरणाचं भाषण द्यावं लागलं नाही.

खरा विरोध केला सासूबाईंनी. पंच्याहत्तरीतल्या माणसाला बोरे म्हणजे पोती, टोपले, गोधड्या आवडतील असा माझा समज होता. त्या म्हणाल्या, “अवं, खोकीच आण. नव्या गावात पहिल्याच दिवशी बोऱ्यात सामान उतरलं तर लोक म्हणतील, मजूर आले राहायले.” त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी आयुष्यभर बोऱ्यातच सामान बांधलं होतं. आता सून सरकारी नोकरीत असताना चिकटपट्टी लावलेल्या खोक्यांतून संसार उतरावा, एवढीच त्यांची हौस. शेवटी तह झाला. किराणा दुकानातून मिळालेली सहा खोकी गाडीच्या मागच्या तोंडाला लावायची, म्हणजे उतरताना आधी तीच दिसतील.

बोऱ्यांसाठी मी आधी शाळेकडे पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पोषण आहाराच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यांचाही हिशेब द्यावा लागतो, म्हणून हात मागे घेतला. जवळच्या राइस मिलमधून जुना तागाचा बारदाना वीस रुपयाला एक असा तीस नग आणला. मिलवाल्याने विचारलं, “उन्हाळी धानाले का?” घर भरायला म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, फाटले नाही तर पंधराने परत घेतो. खोकी कोण असं परत घेतं?

आता जी वस्तू आमच्याकडे फुकट आणि भरपूर, असं मला वाटत होतं, ती म्हणजे तणस, धानाचा वाळलेला पेंढा. काचेची भांडी, कपबश्या, लोणच्याच्या बरण्या तणसात बांधायच्या. मग कळलं की मे महिन्यात तणस फुकट नसते. खरिपाचा ढीग तळाला आलेला असतो, गुरांना हिरवं काही नसतं, एकेक पेंढी मोजून टाकतात. वर यंत्राने कापलेल्या धानाची तणस तुकडे-तुकडे होते, बरीचशी बांधीतच, म्हणजे शेतातच, जळते. भांडी गुंडाळायला हाताने कापून झोडलेल्या धानाची लांब काडी लागते. शेजारच्या काकाजींकडे ती होती. त्यांनी दोन भारे दिले आणि एक अट घातली. “न्या जी मॅडम, पण तिकडं जाऊन जाळू नका. कोण्या तरी ढोराच्या तोंडात पडली पाह्यजे.”

बांधायचं कसं हे काकूंनी शिकवलं. मी कपांभोवती तणस नुसती कोंबत होते. त्यांनी एक मूठ घेतली, पाण्याचा हात लावला, पीळ दिला आणि डोक्यावर घागर ठेवायला करतात तशी चुंबळ केली. टोपल्याच्या तळाला चुंबळ, तिच्यावर बरणी, बरणीच्या गळ्याला दुसरी चुंबळ, वरून जुनं लुगडं आवळून बांधलेलं. बरणी हलतच नाही. नुसती कोंबलेली तणस गाडीच्या हादऱ्याने खाली बसते आणि वरची भांडी मोकळी होतात. माझ्या हाताने भरलेल्या टोपल्यातले दोन कप आणि एक झाकण फुटलं, काकूंनी भरलेलं एकही नाही.

दुसरी युक्ती आमची आम्हालाच सुचली: पोकळ वस्तू रिकामी जाता कामा नये. धानाच्या लोखंडी कोठीत गोधड्या. कूलरची ताटी आणि पंप काढून त्याच्या पेटीत उशा आणि स्वेटर. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये चादरी. कुकरात मसाल्याचे डबे, बादल्यांत चपला. धान साठवायची बांबूची ढोली मात्र नेता येणार नव्हती. ती दारातून आत कशी आली असेल हाच प्रश्न होता, बहुतेक घर बांधायच्या आधी आली असावी. ती काकूंना दिली, त्यांनीच मागितली होती.

पुस्तकांचं मात्र मी चुकवलं. पन्नास किलो धानाच्या बोऱ्यात पुस्तकं काठोकाठ भरली. उचलताना बूड उसवलं आणि सहावीच्या विज्ञानाची पुस्तकं ओसरीवरून अंगणापर्यंत गेली. पुस्तकाला लहान पिशवी लागते. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

काय न्यायचं आणि काय द्यायचं यात आठ दिवस गेले, आणि इथेच माझा सगळ्यात मोठा गैरसमज मोडला. पहिल्या तीन दिवसांत मी सढळ हाताने वाटत सुटले. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, बंद मिक्सर, मुलीच्या लहानपणीची सायकल, जुने डबे. मनात समाधान की एवढं सामान कामी लागलं. चौथ्या दिवशी समोरच्या घरी गेले, तर माझ्या दोन्ही खुर्च्या त्यांच्या मागच्या आवारात उलट्या पडलेल्या. एकीचा पाय मोडकाच होता, मला माहीत होतं. मी विचारल्यावर त्या बाई ओशाळून म्हणाल्या, “तुमाले नाही म्हणता येत नाही ना मॅडम. पोराले शिकवता तुमी.”

म्हणजे मी दोन पोती मागे ठेवणाऱ्या त्या भाडेकरूपेक्षा फार वेगळी नव्हते. त्याने कचरा स्वतःच्या आवारात ठेवला, मी वाटून दुसऱ्यांच्या आवारात ठेवत होते, आणि वर त्यांच्याकडून उपकाराचे शब्द घेत होते. मोडकी खुर्ची आणि मिक्सर मी परत आणले. मग उरलेलं सगळं ओसरीवर मांडलं आणि शेजारच्या मुलाला सांगितलं, गावात सांग, ज्याला जे पाहिजे त्याने येऊन मागावं, मी स्वतःहून कोणाला देणार नाही.

चार दिवस ती ओसरी म्हणजे बाजारच झाला होता. सगळ्यात आधी काय गेलं असेल? गळका प्लास्टिकचा ड्रम. कोंबड्यांचं खुराडं करायला एकाने नेला. कूलरची जुनी जाळी कुरड्या वाळवायला गेली. शाळेच्या कार्यक्रमांचे तीन जुने फ्लेक्स तणसाच्या ढिगावर टाकायला नेण्यावरून दोघांत कुरबूर झाली. पावसाच्या तोंडावर फ्लेक्सला आमच्याकडे ताडपत्रीचा भाव असतो. लोखंडी खाट, शिवणयंत्राचा पाय, नळाच्या पाइपाचे तुकडे, सगळं गेलं. राहिलं काय, तर मी ज्याला चांगलं समजत होते ते: काचेचा शोपीस, भिंतीवरचं घड्याळाचं हरिण, लग्नात आलेला कृत्रिम फुलांचा गुच्छ. हरीण अजून आमच्याकडे आहे.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. लोखंड, पत्रा, रद्दी, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या त्याने घेतल्या. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीसुद्धा घ्यायला तो एका पायावर तयार होता. मी विचारलं, याचं करता काय? म्हणाला, “मागून फोडतो, तांब्याची गुंडी काढतो. डबा प्लास्टिकमध्ये जातो.” आणि काच? “काच कोन घेते जी? टाकून देतो कुठं तरी.” त्या नळीच्या काचेत शिसं असतं. फुटलेली काच वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिली तर ते झिरपतं. आणि ‘कुठं तरी’ म्हणजे कुठं, हे मी अकरा वर्षं पाहिलेलं होतं. विजेच्या जुन्या उपकरणांसाठी देशात नियम आहेत. नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि अशा उपकरणांवर रीतसर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण उत्पादकाचा माणूस आमच्या गल्लीपर्यंत आलेला मी पाहिला नाही. टीव्ही गाडीत चढणार, हे ठरलं. त्याच्यासोबत बंद मिक्सर, सात ट्यूबलाइटच्या नळ्या आणि चार जुने सीएफएल दिवे. त्यांच्यात पारा असतो, म्हणून नळ्या पीव्हीसीच्या पाइपात सरकवल्या आणि तोंडं कापडाने बंद केली. थर्माकोलचं गणपतीचं मखर, सजावटीच्या थर्माकोलवर 2018 मध्ये राज्यात बंदी यायच्या आधीचं, टीव्हीच्या चारी बाजूंनी बसवलं. यजमान म्हणाले, “आपण घर हलवतोय की उकंडा?”

बरं. गाडी.

गावातला छोटा हत्तीवाला म्हणाला, दोन खेपा लागतील. त्याची गाडी पाऊण टनाची, आमची कोठी, कपाट, फ्रिज, पलंग एका खेपेत बसणार नव्हतं. दोन खेपा म्हणजे जाऊन-येऊन दोनशे वीस किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तरी जवळजवळ पंधरा लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एकूण चाळीस किलो. बोरे, तणस, लुगडी यांची एवढी कसरत करून जे वाचवलं असेल ते एका दिवसात धुराड्यातून गेलं असतं. आणि त्यातला अर्धा रस्ता गाडी रिकामी पळणार, हे मला जास्त खुपत होतं.

उपाय किराणा दुकानदाराने सांगितला. ब्रह्मपुरीहून बाजाराच्या दिवशी एक चारशे-सात, म्हणजे छोट्या हत्तीपेक्षा मोठी मालगाडी, किराणा माल घेऊन येते आणि संध्याकाळी रिकामी जाते. ती तशीही जाणारच. वाकडी वाट करून आमच्या गावात यायला तिला जाऊन-येऊन आठ किलोमीटर जास्त. भरलेल्या गाडीला रिकामीपेक्षा डिझेल थोडं अधिक लागतं हे कबूल, पण दोनशे वीस किलोमीटरसमोर ते किती? भाडं ठरलं अठ्ठावीसशे. छोटा हत्ती दोन खेपांचे सात हजार मागत होता.

रिकामी जाणारी गाडी स्वस्त का असते ते त्या दिवशी समजलं. ती तिच्या वेळेने येते. दुपारी दोनला येते म्हणाली होती. आम्ही सकाळी सातलाच घर बांधून मोकळे. चूल-गॅस बंद, भांडी बोऱ्यात, पंखे उतरवलेले. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, आणि कूलरच्या पोटात आमच्याच उशा. दोन वाजले, चार वाजले. ड्रायव्हर फोनवर म्हणायचा, “बाजार भरलाच नाही जी अजून, उन्हात गिऱ्हाईक येत नाही.” मेमधला बाजार ऊन कललं की भरतो, हे अकरा वर्षं त्याच बाजारात भाजी घेणाऱ्या मला आठवायला हवं होतं. गाडी साडेसातला आली.

रात्री सामान चढलं, मोबाइलच्या उजेडात. हात लावायला आठ जण आले होते, त्यातले तीन माझे जुने विद्यार्थी, आता माझ्यापेक्षा उंच. फ्रिज आडवा टाकायचा म्हणून ड्रायव्हर हटून बसला होता. उभाच न्यायचा, असं यजमानांनी बजावलं. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं, आणि लगेच चालू केला तर तो निकामी होतो. निकामी फ्रिज म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: तो कुठं टाकायचा?

रात्री जंगलाच्या रस्त्याने सामान न्यायला ड्रायव्हर तयार नव्हता. “रानडुकरं आडवी येतात, अन् कधी कधी मोठा पण.” मोठा म्हणजे वाघ, आमच्याकडे नाव घेत नाहीत. तो आमच्या ओसरीवर झोपला, बाहेर राहिलेल्या एकमेव गोधडीवर. जेवण काकूंनी दिलं, वरण-भात आणि वांग्याची भाजी, पळसाच्या पत्रावळींवर. दुकानातल्या चकचकीत कागदी ताटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, ती कुजत नाहीत. पत्रावळी सकाळी बकऱ्यांनी अर्ध्या संपवल्या होत्या.

पहाटे चारला निघालो. त्याला मुक्कामाचे तीनशे जास्त दिले. गारव्यात झाडं टिकली, हा न ठरवता झालेला फायदा. बावीस कुंड्यांपैकी अठरा शाळेला दिल्या होत्या. भर उन्हात उघड्या गाडीतून रोप नेलं की वाऱ्याने पानं भाजून निघतात. कढीपत्ता, मोगरा, गवती चहा एवढं ओल्या चिंध्यांत गुंडाळून घेतलं. तुळस सासूबाईंच्या मांडीवर. ती जगेल की नाही या धास्तीने लेकीने मंजिऱ्या कंपासपेटीत भरून ठेवल्या होत्या.

नव्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा सहा वाजले होते आणि पाहायला कोणीही नव्हतं, एक म्हशीवाला सोडून. सासूबाईंची सहा खोकी वाया गेली. म्हशीवाल्याने मात्र बोरे पाहून लगेच ओळख काढली, “कोण्या मिलचे?” त्याच्या ओळखीच्या मिलचेच निघाले.

तणसाचं काकाजींना दिलेलं वचन होतं. दुपारी मी अख्खा ढीग म्हशीपुढे नेऊन टाकला. तिने नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मी कपबश्यांच्याच टोपल्यात फिनाइलची बाटली ठेवली होती, दुसऱ्यात लोणच्याचं तेल झिरपलं होतं. खाली बसून तणस निवडत बसले. स्वच्छ निघाली ती तिने खाल्ली, तेलकट खताच्या खड्ड्यात गेली, फिनाइलची वेगळी काढून मोगऱ्याच्या आळ्यापासून दूर वाळत टाकली. काकाजींना फोनवर सांगितलं, दीड भारा ढोराच्या तोंडात पडला. ते म्हणाले, “अन् अर्धा?” मी विषय बदलला.

तीसपैकी सव्वीस बोरे मिलला पंधराच्या भावाने परत गेले. चार फाटले, त्यांचे पायपुसणे झाले. तुळस जगली, त्यामुळे मंजिऱ्या पेरायची वेळ आली नाही. लेकीच्या कंपासपेटीला अजून वास येतो.

टीव्ही मात्र आहे. नागपूरला जुनी उपकरणं घेणारे नोंदणीकृत लोक आहेत. कधी कोणाची गाडी रिकामी जात असली की त्यांच्याकडे पाठवायचा, असं ठरवून ठेवलंय, नळ्या आणि मिक्सर सोबत. तीन महिने झाले. नव्या गावातला भंगारवाला मागच्या आठवड्यात आला होता. मी शाळेत होते, आणि सासूबाईंनी दीडशेत सौदा जवळजवळ पक्का केला होता. मी दारात पोचले तेव्हा तो टीव्हीला दोरी बांधत होता. दोरी सोडवली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आता त्यांनी त्याच्यावर सांडग्यांचा डबा ठेवलाय, आणि डबा हलवायला कोणाला परवानगी नाही.